रात्री दोनला टक्क जाग येते, मग डोळाच लागत नाही

बागायतदार, तासगाव:
द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीपासून झोप उडालीय. शेतीची लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायला उठावं लागतं, म्हणून संध्याकाळी तीन-चार कप चहा होतो. पण आता दिवसाची लाईट असली तरी दोनला जाग येतेच. मग फवारणीच्या औषध दुकानाची उधारी, ढगाळ हवा, द्राक्षावरचा डाऊनी रोग डोक्यात फिरत राहतं. पत्र्यावर थेंब वाजला की उठून बसतो. काय करू?

मिरजेची ताई:
दादा, आधी चहा बघा. त्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. दुपारनंतर बंदच करा. जाग आली तर तळमळत पडू नका, उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत आडवे व्हा. झोपेची गोळी मनानं घेऊ नका हं.

पलूसकर:
आमचे आण्णा ट्रॅक्टरवर पेंगायचे. तपासलं तर झोपेत श्वास अडकत होता. तुम्ही घोरता का, वहिनींना विचारा.

बागायतदार, तासगाव:
घोरत नाही म्हणते ही. उधारीचं मात्र तिला सांगितलंच नव्हतं. काल वही काढून दोघं बसलो. साडेतीनपर्यंत झोपलो.