आधी ऊब, मग दूध
कुत्र्याची अनाथ पिल्लं वाढवणाऱ्या कुणीतरी लिहिलंय, ‘पिल्लू पहिल्याच रात्री गेलं की आठवडाभर स्वतःलाच दोष देत बसतो’. ते खरंच, पण त्यावर मिळालेला ‘मन घट्ट करा’ हा सल्ला पटला नाही. डोळे न उघडलेली बरीच पिल्लं भुकेपेक्षा गारठ्याने जातात. कोल्हापुरात रंकाळा तलावाकाठी भिजलेलं पिल्लू हाताला गार लागतं आणि आपण कळवळून आधी दूध पाजतो. गार पिल्लाचं आतडंच चालत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तास-दोन तास हळूहळू ऊब द्या, पिल्लाचं अंग ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की पालथं ठेवून पाजा (उताणं धरलं की दूध फुप्फुसात). नंतर ओल्या कापसाने शेपटीखाली पुसायचं, नाहीतर लघवी तुंबते.

किचनच्या काट्यावर रोज वजन करा. ३०० चे ३२० ग्रॅम दिसले की जागरणाचं चीज होतंय बघा.