अनुभव धागा : प्रार्थना सुचत नव्हती तेव्हा तोंडात कुठलं गाणं आलं?

पेटीवाला (ठाणे पश्चिम)

जय ख्रिस्त मंडळी. धागा काढतोय, पण एक विनंती, उपदेश नको, वचनांची यादी पण नको, काय झालं ते सांगा फक्त. सुरुवात मीच करतो.

आमच्या चर्चमध्ये पेटी मी वाजवतो. 2020 च्या पावसाळ्यात पप्पा कोविडनी गेले. दफनाला आम्ही चौघं, पाळकसाहेब लांबूनच बोलले, पीपीई घातलेल्या पोरांनी शवपेटी खाली सोडली आणि संपलं. एकही गायन झालं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या दफनाला पहिला सूर लावला त्याच्यासाठी कोणी तोंड उघडलं नाही, हे माझ्या डोक्यातनं जाईचना. घरी आई प्रार्थना कर म्हणायची, मी डोळे मिटायचो आणि आत नुसतं सामसूम.

दीडेक महिन्यानी पेटी उघडली, वाजवायला नाही, पुसायला. ओलीनं फुगून काळी दोनची पट्टी खाली बसलेली, भाता हलवला की ती एकटीच वाजत राहायची. मी तसाच भाता मारत बसलो. त्या एका सुरावर पप्पा दाढी करताना म्हणायचे ते टिळकांचं (लोकमान्य नव्हे, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक) भजन आपसूक तोंडात आलं. अर्धं कडवं झालं आणि आतल्या खोलीतून आईनं पुढची ओळ उचलली, एकदम बेसूर. त्या दिवशी पप्पांचा दफनविधी पूर्ण झाला असं मी धरून चालतो. मेलेली माणसं उठतील हे मी लहानपणापासून म्हणत आलो होतो, पण त्याची गरज पहिल्यांदा तेव्हा लागली.

नेरुळची आल्टो

मी थोडं उलटं सांगते, राग नका मानू. माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं. पुढच्याच रविवारी उपासनेत टाळ्या वाजवत विजयाची गाणी चालू होती आणि मला उठून बाहेर यावं लागलं, बाहेर चपलांच्या रांगेशी उभी राहिले. सगळे म्हणायचे गा म्हणजे बरं वाटेल. नाही वाटलं. कॉयर (चर्चचा गायनवृंद) सोडला, जवळजवळ वर्षभर.

मग एका बहिणीनं (सख्खी नाही, मंडळीतली) बायबलमधलं स्तोत्र 88 वाचायला सांगितलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात, रडून रडून का होईना देवावर भरवसा आहे असं म्हणतात, 13 वं बघा ना. हे 88 वं तसं वळतच नाही, त्याचा शेवटही अंधारातच होतो. आणि हे पण गायनच आहे, मंदिरात गायचं! म्हणजे ज्याला पुढचं दिसत नाही त्याच्यासाठी पण देवाच्या घरात एक जागा राखून ठेवलीय. मला आशा मिळाली ती तिथे, टाळ्यांमध्ये नाही. आता परत कॉयरमध्ये आहे, पण फास्ट गाणी आली की मी अजूनही नुसते ओठ हलवते, कंडक्टरला माहितीये.

वाशीकर, मूळ वसई

आमच्या आजीला शेवटी शेवटी माझं नाव आठवायचं नाही, मला गॅसवाला समजायची. पण उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे दिवस) मी तिच्या खाटेशी बसून क्रुसाच्या वाटेचं गाणं (येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेवरची चौदा स्थानं, म्हणजे प्रसंग) म्हणत होतो तर सातव्या स्थानाला मी शब्द चुकलो आणि म्हातारीनं हातावर चापट मारली. चौदाच्या चौदा स्थानं पाठ. एवढंच.

जुनं ठाणं

अवांतर आहे, पण राहवत नाही. आपल्या ठाण्याचं सेंट जेम्स चर्च 1825 मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते समर्पित झालं. इंग्रजी उपासनेत 'होली, होली, होली' म्हणतात ना, ते लिहिणारे हेच. त्यानंतर वर्षाच्या आत, 1826 च्या एप्रिलमध्ये ते तिरुचिरापल्लीला वारले, वय 42. आपण जी चाल म्हणतो ती तर 1861 ची, म्हणजे त्यांनी ती ऐकलीच नाही कधी. माझी नोकरी गेली तेव्हा रोज दुपारी घरी तोंड दाखवायची लाज वाटायची म्हणून मी तलावपाळीला चक्कर मारत बसायचो आणि हेच डोक्यात घोळायचं, की बाबा आपण पेरलेलं आपल्या कानावर येईलच असं नाही. नोकरी आठ महिन्यांनी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची.

कोपरी पूर्व

पेटीवाले भाऊ, टिळकांच्या भजनावरून आठवलं. मिस्टरांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी घरगुती भजन असायचं, आम्ही पाच-सहा जण. एकदा वरच्या मजल्यावरचे काका खाली आले, वारी करणारे, माळकरी. मला वाटलं आवाजाची तक्रार. तर म्हणाले, वहिनी, हा तुकोबांचा कुठला अभंग, मला कसा माहीत नाही? म्हटलं काका, हा ना. वा. टिळकांचा, येशूवरचा. दोन मिनिटं गप्प उभे राहिले, वर गेले, मी म्हटलं झालं, दुखावले. आणि टाळ घेऊन परत आले!! टिळक स्वतःच म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्यामुळे काकांचं काही चुकलं नव्हतं तसं. मिस्टर गेले त्या रात्री पण काका टाळ घेऊन बसले होते, पहाटेपर्यंत.

नेरुळची आल्टो

कोपरीच्या ताई, 🙏

पेटीवाले, तुमच्या पप्पांचं ते भजन आमच्या कॉयरला बसवायचंय, संथ आहे ना? स्वरलिपी असेल तर द्याल का?

पेटीवाला (ठाणे पश्चिम)

संथच आहे. स्वरलिपी कुठली, पप्पांनी कधी लिहूनच ठेवलं नाही. उपासना संपली की एखाद्या रविवारी या, बसवून देतो. येताना तुमची पेटी आणा पण, माझी काळी दोन अजून अडकते.