मदत हवी आहे : सौरडागांच्या जुन्या नोंदी जोडायच्या कशा?

नमस्कार मंडळी, जळगावात एमएस्सी फिजिक्स करतेय. सौरडागांचं चुंबकीय क्षेत्र शंभर वर्षांत कसं बदललं, हा प्रोजेक्ट. (मे महिन्यात खान्देशात राहून वर सूर्याचाच अभ्यास, म्हणून घरचे हसतात.)

माउंट विल्सन (कॅलिफोर्नियातली वेधशाळा) इथली सौरडागांची १९१७ पासूनची हाताने काढलेली चित्रं घेतली आहेत. डागाशेजारी ‘आर’ किंवा ‘व्ही’ (चुंबकीय ध्रुव कोणता, याची खूण) आणि आकडा असतो; ‘व्ही २४’ म्हणजे २४०० गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक). इथवर ठीक. पण १९६१ मध्ये मोजणीची वर्णरेषा (सूर्याच्या वर्णपटातली ज्या रेषेवरून क्षेत्र मोजतात ती) ६१७३ वरून ५२५० अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) वर गेली. मग आधीचे-नंतरचे आकडे एकाच आलेखात सरळ टाकणं मला तरी पटत नाही.

कोडाईकनाल वेधशाळेच्या जुन्या फोटोंवरून प्रच्छायेचं (डागाच्या मधल्या गडद भागाचं) क्षेत्रफळ काढून ताळा घ्यावा का? मोठ्या डागात चुंबकीय क्षेत्र सहसा जास्तच असतं. कुणी केलंय? पायथनचा कोड असेल तर फारच बरं.