मुलाखतीच्या फेऱ्या : अनुभवातून कळलेलं इथे लिहा

भाचीला आज "पुढच्या फेरीसाठी निवड" असा मेल आला आणि मुलाखतींचे ते दिवस पुन्हा आठवले. सॉफ्टवेअर कंपन्यांचा क्रम साधारण असा : एचआरचा २०-३० मिनिटांचा फोन, ऑनलाइन टेस्ट, दोन-तीन टेक्निकल, मॅनेजर, शेवटी पगार. पहिल्याच फोनवर विचारून घ्या, कोड रन करून दाखवायचा की नुसता लिहायचा? साध्या एडिटरमध्ये ऑटोकम्प्लीट (अर्धवट टाइप केलेलं आपोआप पुरं होणं) नसतं, सरावही तसाच करावा लागतो. भर घाला.

—

टेस्टमध्ये प्रश्नाआधी इनपुटची मर्यादा वाचा. एक लाख आकडे असतील तर लूपमध्ये लूप (प्रत्येक आकड्यासाठी पुन्हा सगळे आकडे बघणं) म्हणजे १००० कोटी फेऱ्या, आणि सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया धरतात. म्हणजे टाइम लिमिट गेलंच. सॉर्ट करा किंवा हॅशमॅप (हवी ती नोंद लगेच शोधून देणारा तक्ता) वापरा. दिलेली उदाहरणं पास झाली म्हणून सबमिट करू नका, लपवलेल्या केसेस वेगळ्या असतात.

—

+१. रिकामा ॲरे (आकड्यांची यादी), एकच घटक, सगळे सारखे, ऋण आकडे, एवढं तरी हाताने तपासा. जावात इंट (पूर्णांक ठेवायचा नेहमीचा प्रकार) २१४७४८३६४७ पर्यंतच. बेरीज पुढे गेली की ऋण होते, एरर येत नाही. म्हणून बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधणं) लो आणि हाय या दोन टोकांची थेट बेरीज न करता मध्य लो + (हाय − लो) / २ असाच काढा.

—

पायथनवाल्यांना ही भीती नाही, तिथे इंट हवा तेवढा वाढतो.

—

कुकर लावलाय, पटकन लिहिते. टेक्निकलमध्ये गप्प बसून कोड लिहू नका हो!! आधी शंका विचारा, मग साधी हळू पद्धत तोंडी सांगा, ती किती वेळ खाते ते सांगा, मग सुधारा. समोरच्याने हिंट दिली तर ती धरा. पुष्कळ जण आपलाच हेका चालवतात आणि वेळ संपतो.

—

व्हिडिओ कॉलला दिवा समोर ठेवा, पाठीमागे नको. चष्म्यावर चमक येत असेल तर दिवा थोडा वर सरकवा.

—

ब्लूटूथ हेडफोन ऐनवेळी फोनला जोडला जातो. वायरचा घ्या.

—

सिस्टिम डिझाइनच्या प्रश्नाला (मोठी सेवा कशी उभारायची ते आखणं) आकृतीचे चौकोन काढायच्या आधी हिशेब. दिवसाला १ कोटी रिक्वेस्ट म्हणजे सेकंदाला सरासरी ११६. गर्दीच्या वेळी पाचपट धरा, तरी ६००च्या आत. एवढ्याला डेटाबेसचे दहा तुकडे कशाला? ते "का" सांगता आलं नाही की पुढचे सगळे प्रश्न तिथेच अडतात.

—

मॅनेजरच्या फेरीत प्रसंग, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलं, निकाल, या क्रमाने बोला. सारखं "आम्ही केलं, आम्ही केलं" आलं तर तुमचा वाटा कळत नाही आणि शेरा तसाच पडतो.

—

पगाराचा एकूण आकडा बघून हुरळू नका. पक्का किती, कामगिरीवर किती, जॉइनिंग बोनस लवकर सोडल्यास परत द्यावा लागतो का, हे लेखी घ्या. लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा नाही म्हणजे नाही.

—

नकार आला तर कारण विचारावं का?

—

विचारा, पण बऱ्याच कंपन्या सांगत नाहीत. पुन्हा अर्ज किती महिन्यांनी चालेल हे नक्की विचारा. धागाकर्ते, भाचीला शुभेच्छा, फेरी कधी आहे?