हळदीकुंकवाच्या वाणासाठी घरच्या कडधान्यांचे कढणाचे मिश्रण कसे बांधावे?

लाल माती (गुहागर)

नमस्कार मंडळी. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या न लुटता घरच्या आणि शेजारच्या मळ्यातल्या कडधान्यांचे मिश्रण लहान काचेच्या बरण्यांत भरून वाण म्हणून द्यावे, असे मनात आहे. घेणाऱ्या बाईने रात्री दाणे भिजत घालावेत, सकाळी शिजवावेत आणि घरच्या चौघांना पोटभर कढण मिळावे, एवढीच कल्पना आहे. कुळीथ, काळे वाटाणे, चवळी, मूग, कडवे वाल आणि रंगासाठी थोडा राजमा घ्यायचा, वर मीठ, मसाला आणि चार आमसुले टाकून झाकण लावायचे, असे मी ठरवले आहे. येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी पुढे मुलांकडे मुंबईला जातात आणि बरणी बरोबर नेतील, त्यामुळे जिन्नस महिना-दोन महिने टिकायला हवा. हे सगळे दाणे एकत्र नीट शिजतील का, प्रत्येकीला किती द्यावेत आणि कीड लागू नये म्हणून काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सूप आणि रोवळी (मालवण)

ताई, कल्पना फार चांगली आहे आणि कुळथाच्या कढणावर वाढलेल्या आपल्या माणसांना असे वाण नक्की आवडेल. मात्र तुमच्या यादीतली दोन नावे काढून टाकावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिले नाव कडव्या वालांचे. त्यांचा कडवटपणा सालीत असतो, म्हणून आपण ते भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्या करतो. अख्खे वाल इतर दाण्यांबरोबर शिजवले तर सगळे कढण कडू होईल, आणि ज्या बाईला ही सवय नाही तिला दोष नेमका कशात आहे तेही कळणार नाही.

दुसरे नाव राजम्याचे, आणि हे जास्त गंभीर आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते आणि त्याने काही तासांतच मळमळ, उलट्या व जुलाब सुरू होऊ शकतात. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळला की ते प्रथिन नष्ट होते, आणि कुकरमध्ये तर उष्णता त्याहूनही जास्त मिळते. पण मंद आचेवर तासन्‌तास शिजवण्याची विजेची भांडी आता पुष्कळ घरांत आली आहेत आणि त्यांतले पाणी अनेकदा उकळीपर्यंत पोहोचतच नाही. अशा कोमट शिजण्याने विष कमी होण्याऐवजी वाढू शकते. आपण दिलेली वस्तू कोण कशात शिजवणार, हे आपल्या हातात नसते, म्हणून वाणात राजमा नकोच. तांबडा रंग हवा असेल तर आपल्याकडची तांबडी चवळी आहे, आणि चवीलाही ती उजवी ठरते.

आता एकत्र शिजण्याविषयी. काही दाणे विरघळले तर कढणात बिघडत नाही, उलट रस दाट होतो. वाटाणा दाताखाली कचकचला तर मात्र सगळा पदार्थ फुकट जातो. म्हणून मिश्रणाचा हिशेब सर्वांत कठीण दाण्यावरून करायचा, आणि तो दाणा म्हणजे काळा वाटाणा. वड्यांबरोबर त्याचे सांबारे करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे की तो दहा-बारा तास भिजल्याशिवाय दाद देत नाही. कुळीथही जवळजवळ तितकाच चिवट असतो. चवळी लवकर शिजते, पण ती मऊ झाली तरी चालते. मूग अख्खे घालण्याऐवजी मुगाची डाळ घ्यावी आणि ती वेगळ्या पुडीत बांधावी, म्हणजे ती न भिजवता शिजवण्याच्या वेळीच घालता येईल.

चौघांसाठी मी असे प्रमाण धरते: कुळीथ ६० ग्रॅम, काळे वाटाणे ६० ग्रॅम, तांबडी चवळी ४० ग्रॅम आणि पुडीत मुगाची डाळ ४० ग्रॅम. एवढे २०० ग्रॅम कोरडे जिन्नस चौघांना पुरून वाटीभर उरते.

खळ्यावरून (दापोली)

वरच्या उत्तरातले प्रमाण योग्य आहे, परंतु त्याआधी एक मूळ गोष्ट पाहायला हवी. ताईंनी संक्रांतीचा मुहूर्त धरला आहे आणि मला अडचण तिथेच दिसते.

आपल्याकडे भातकापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ, वाल, चवळी पेरतात आणि शेंगा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येतात. म्हणजे जानेवारीत घरात जे कुळीथ असतात ते गेल्या वर्षीचे असतात आणि त्यांनी एक पूर्ण पावसाळा काढलेला असतो. दमट आणि उष्ण हवेत राहिलेल्या कडधान्याच्या दाण्यात असे बदल होतात की तो पाणी पिऊन फुगतो, पण शिजवल्यावर मऊ होत नाही. साल घट्ट असल्यामुळे पाणीच न पिणारा गणंग निराळा. तो भिजवल्यावर लहानच राहतो आणि हाताने वेचून काढता येतो. फुगूनही न शिजणारा जुना दाणा मात्र डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि चूल पेटल्यावरच कळतो. आपल्या घरी आपण आणखी चार शिट्ट्या देऊन वेळ निभावतो, पण वाण घेतलेली बाई तेवढे करीलच असे नाही. शिवाय निरनिराळ्या वर्षांचे दाणे एकत्र आले तर कोणतेही प्रमाण उपयोगी पडत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की हे वाण संक्रांतीऐवजी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला द्यावे. गुढीपाडव्यानंतर अक्षय्य तृतीयेपर्यंत ही हळदीकुंकवे चालतात, त्या वेळी नवे कडधान्य घरात आलेले असते, उन्हे चरचरीत असतात आणि भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरण्याच्या त्या सणाला कडधान्याचे वाण शोभूनही दिसते. मे महिन्यात चाकरमानी परत जातील तेव्हा बरण्याही त्यांच्याबरोबर जातील. संक्रांतीलाच द्यायचे असेल तर प्रत्येक डब्यातले मूठभर दाणे आधी शिजवून पाहावेत आणि जे मऊ होणार नाहीत ते घरी पिठीसाठी दळून आणावेत.

किडीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कडधान्यातला भुंगा पुष्कळदा शेतातूनच येतो. मादी शेंगांवर किंवा दाण्यांवर अंडी घालते, अळी दाणा पोखरून आत शिरते आणि वरून दाणा धड दिसतो. दाण्यांवर पांढरे बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर ती अंडी समजावीत. बरणी कितीही घट्ट लावली तरी आतली अळी आतच वाढणार, म्हणून उपाय भरण्यापूर्वी करायला हवा. दाणे पाखडून, निवडून, दोन-तीन कडक उन्हांत पातळ पसरून वाळवावेत. दाताखाली धरलेला दाणा न चेपता कट्‌दिशी तुटला की तो वाळला असे समजावे. त्यानंतर एकेक किलोच्या घट्ट बांधलेल्या पिशव्या उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवल्या तर अंडी, अळ्या, भुंगे सर्वच मरतात. बाहेर काढलेली पिशवी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. नाहीतर आपल्या दमट हवेतले पाणी थंड दाण्यांवर धरते आणि वाळवण्याचे कष्ट वाया जातात.

फ्रीझर नसेल त्यांना उन्हाचाच दुसरा उपाय आहे. काळ्या प्लास्टिकवर दाण्यांचा पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक घालावे आणि कडा दगडांनी दाबून दुपारचे काही तास तसेच ठेवावे. आत साठच्या आसपास अंश उष्णता तासभर टिकली की कीड मरते. असे तापवलेले दाणे मात्र पेरणीला ठेवू नयेत.

साठवणीत घालतात त्या पारद गोळ्या किंवा बोरिक पावडर वाणाच्या दाण्यांना लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

लाल माती (गुहागर)

दोघांचेही मनापासून आभार. वाल आणि राजमा काढून टाकते. चैत्रगौरीची सूचना घरात सर्वांनाच पटली, त्यामुळे संक्रांतीला तिळगुळाबरोबर दुसरे काहीतरी देऊ आणि बरण्या चैत्रात भरू. आता दोन शंका उरल्या आहेत. आमच्या सासूबाई कुळीथ राखेत घोळवून ठेवतात, ते बरणीत भरताना काय करावे? आणि मीठ, मसाला व आमसुले दाण्यांबरोबरच घातली तर चालतील का?

आगरातली (अलिबाग)

सासूबाईंची पद्धत उत्तम आहे. राख दाण्यांभोवतीची ओल शोषते आणि भुंग्याला फिरू देत नाही. भरण्यापूर्वी कुळीथ चाळून सुती कापडाने पुसावेत. धुऊ नयेत, कारण धुतलेला दाणा पुन्हा आतपर्यंत वाळवणे जिकिरीचे असते. उरलेली राख भिजवण्यापूर्वीच्या धुण्यात निघून जाते, तेवढी सूचना चिठ्ठीत लिहावी.

आमसुले दाण्यांत मिसळू नयेत. ती कितीही वाळलेली वाटली तरी त्यांत मिठाची ओल असते आणि बरणीतले दाणे ती ओल ओढून घेतात. त्याहून मोठे कारण शिजवण्याचे आहे. आंबट पाण्यात कडधान्याची साल आणि गर मऊ होत नाही, म्हणून आमसूल, चिंच किंवा टोमॅटो हे दाणे पूर्ण शिजल्यावरच घालायचे असतात. वाण घेणाऱ्या बाईने सगळी बरणी एकदम कुकरमध्ये रिकामी केली तर बारा तास भिजवलेले वाटाणेही कडक राहतील. आमसुले वेगळ्या पुडीत बांधून तिच्यावर ‘शेवटी घालावे’ असे ठळक लिहावे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा तुमच्या जिल्ह्याचे नावही त्या पुडीवर जरूर घालावे.

मिठाने दाणे कडक होतात असे आपण ऐकत आलो, पण ते खरे नाही. भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातले तर साल उलट लवकर मऊ होते. दाणे कडक ठेवते ते आंबट आणि जड पाणी. विहिरीचे पाणी जड असेल तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घालावा. मिठाची पुडी देऊ नये, कारण पावसाळी हवेत तिला पाणी सुटते आणि मीठ प्रत्येक घरी असतेच. मसाल्याच्या पुडीत भाजून भरड कुटलेले जिरे आणि मिरे, हळद, हिंग आणि दोन सुक्या मिरच्या एवढेच ठेवावे; कुळथाचा वास जपायचा असेल तर गरम मसाला नकोच.

बरण्या धुऊन उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि उन्हातून आणलेले दाणे गार झाल्यावरच भरावेत. रंगांचे थर दिसावेत अशी हौस असेल तर लहान दाण्यांचा कुळीथ तळाशी आणि मोठे वाटाणे वर ठेवावेत. लहान दाणे वर ठेवले तर ते प्रवासात मोठ्यांच्या फटींतून खाली झिरपतात. बरणी गळ्यापर्यंत दाबून भरावी आणि पुड्या सर्वांत वर ठेवाव्यात.

चिठ्ठीत दाण्यांची नावे, पीक कोणत्या वर्षाचे, बरणी भरल्याचा महिना आणि कृती हे सगळे असावे. कृती मी अशी लिहीन: “दाणे धुऊन भरपूर पाण्यात दहा-बारा तास भिजवावेत आणि उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदलावे. भिजवलेले पाणी फेकून द्यावे. न फुगलेले दाणे वेचून टाकावेत. डाळ, मसाला आणि दीड लिटर ताजे पाणी घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्याव्यात, मग मंद आचेवर पंधरा मिनिटे ठेवावे. वाटाणा बोटांत चेपून पाहावा. तो मऊ झाला असेल तर मीठ व आमसुले घालून एक उकळी आणावी आणि वरून तुपाची किंवा खोबरेल तेलाची लसणाची फोडणी द्यावी.” कुकर लहान असेल तर एक लिटर पाण्यात शिजवून उरलेले पाणी गरम करून नंतर घालावे, हेही त्यात लिहावे, कारण डाळ आणि पाणी कुकरच्या अर्ध्याहून वर गेले की फेस शिट्टीत चढतो.