मदत हवी आहे: वारकऱ्यांच्या टाचेच्या फोडावर टिकेल अशी पट्टी

शेगावहून पंढरपूरला पायी निघालेल्या वारकऱ्यांची आम्ही आठ जण अंबाजोगाईजवळ सेवा करतो. चहा-पाणी, पाय शेकणं, तेल चोळणं जमतं. अडतं ते फोडांपाशी. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्या माउलीच्या टाचेवर रुपयाएवढा फोड होता. पट्टी लावली, ती घामा-तेलानं दहा पावलांतच सुटली. फार वाईट वाटलं. कागदी चिकटपट्टीही टिकली नाही. फोड आम्ही फोडत नाही, शुगरवाल्यांना सरळ दवाखान्यात पाठवतो. सोबत डॉक्टर नाही, बजेट तीन हजार, आणि माउली थांबतात जेमतेम वीस मिनिटं. पावसा-चिखलात मुक्कामापर्यंत टिकेल असं टाचेला नेमकं काय बांधावं, आणि ते अंबाजोगाई किंवा लातूरला मिळेल का?