विषय: फ्रेझ्नो की मेलबर्न? दमा असलेल्या मुलीसाठी हवेचा विचार

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

ठिबक सिंचनाच्या व्यवसायातील अनुभवामुळे माझ्या यजमानांना फ्रेझ्नो (कॅलिफोर्निया, अमेरिका) आणि मेलबर्न (ऑस्ट्रेलिया) अशा दोन्ही ठिकाणी नोकरीची संधी आली असून पगारात फारसा फरक नाही. आमच्या मुलीला दमा आहे आणि नाशिकला थंडीतल्या पहाटे व दिवाळीच्या आठवड्यात तिला पंप घ्यावाच लागतो. फ्रेझ्नोचा परिसर द्राक्षबागांचा असल्याने तो आपल्या निफाड-दिंडोरीसारखाच असेल, असे सासूबाईंचे मत आहे. मोबाइलवर मात्र नाशिकची हवा पुष्कळदा ‘समाधानकारक’ दिसते आणि फ्रेझ्नोची त्याहून वाईट. दोन्हीकडील सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपली,
मंडळाची भावी सभासद, इंदिरानगर, नाशिक

*

ताई, नमस्कार.

आधी मोबाइलवर दिसणाऱ्या हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाविषयी लिहितो, कारण भारत आणि अमेरिका या दोन्ही देशांची मोजपट्टी वेगळी आहे. पीएम २.५ हे सूक्ष्म कण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. तीच हवा अमेरिकी निर्देशांकात १५० च्या वर जाऊन सर्वांनाच अपायकारक समजली जाते. त्यामुळे तुलना करायची ती मायक्रोग्रॅमचीच करावी.

एवढे सांगूनही मी येथे येण्याचा आग्रह करणार नाही. पूर्वेला सिएरा नेवाडा, पश्चिमेला किनारी डोंगररांगा आणि दक्षिणेलाही डोंगर, अशा बंदिस्त खोऱ्यात हे शहर असल्यामुळे हिवाळ्यात वर उबदार हवेचा थर बसला की धूर आणि धूळ खालीच कोंडून राहतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो व जमिनीलगतच्या हवेत श्वासाला त्रासदायक असा ओझोन वायू वाढतो, बदामाच्या सुगीत धुरळा उडतो, आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये क्रीक वणव्याचा धूर खोऱ्यात उतरला तेव्हा मुलांना अंगणातही सोडवत नव्हते. आपल्याकडे निदान चार महिने पाऊस हवा धुऊन काढतो. येथे उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. शिवाय मातीतल्या बुरशीमुळे होणारा ‘व्हॅली फिव्हर’ हा फुप्फुसाचा आजारही या भागात आढळतो. सासूबाईंचे द्राक्षांपुरते खरे आहे.

आपला,
फ्रेझ्नोस्थित सभासद (मूळचा पिंपळगाव बसवंतचा)

*

ताई, सप्रेम नमस्कार.

वर्षाची सरासरी पाहिली तर मेलबर्नची हवा फ्रेझ्नोपेक्षा निश्चित चांगली आहे आणि माझे मतही येथे यावे असेच आहे. परंतु दम्याच्या रुग्णाने वर्षातले वाईट आठवडे कोणते, हेही विचारले पाहिजे. येथे ते वसंतात (सप्टेंबर ते नोव्हेंबर) येतात. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ झाले, तेव्हा रायगवताचे परागकण ओलाव्याने फुटून त्यांचे बारीक तुकडे लोकांच्या फुप्फुसांत खोलवर गेले; हजारो लोक रुग्णालयांत धावले आणि दहा जण दगावले. रुग्णांमध्ये भारतीय वंशाच्या लोकांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने अधिक होते, आणि पुष्कळांना पूर्वी दमा नव्हताच, केवळ शिंका व नाक वाहण्याचा त्रास होता. आता ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अशा वादळांचा रोजचा अंदाज प्रसिद्ध होतो. धोक्याच्या दिवशी वादळाआधी घरात येऊन दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि डॉक्टरांनी दिलेला रोजचा प्रतिबंधक पंप मुलगी बरी दिसते म्हणून थांबवू नये.

जमल्यास जानेवारीत यावे. शाळाही त्याच सुमारास सुरू होतात आणि वसंतापूर्वी स्थानिक डॉक्टरांकडे औषधांची घडी बसते. घर भाड्याने घेताना शेजारी लाकडाची शेगडी पेटते का, हे विचारावे, कारण जून ते ऑगस्टमध्ये तिचा धूर रात्री गल्लीत साचतो. ट्रकच्या रस्त्यालगतचे स्वस्त घर मी तरी घेणार नाही. शाळेला डॉक्टरांनी सही केलेली दम्याची लेखी योजना द्यावी लागते, म्हणून नाशिकच्या डॉक्टरांकडून औषधांची मूळ (जेनेरिक) नावे आणि मात्रा इंग्रजीत लिहून आणाव्यात.

आपली,
मेलबर्नस्थित सभासद (माहेर पंचवटी)